दाराचा तास

आमच्या सरांनी वर्गात कधी ‘काही शंका?’ असं विचारलं नाही. ते म्हणायचे, असं विचारून मास्तर पोरांना उगाच लाजवतो. पोरं माना खाली घालतात आणि मास्तराला वाटतं, सगळ्यांना समजलं. त्यापेक्षा तास संपला की ते हातावरचा खडू झटकून थेट वर्गाच्या दारात जाऊन उभे राहायचे, चौकटीला खांदा टेकून, आणि पुढची दहा मिनिटं तिथून हलायचे नाहीत. सरांचा देह ऐसपैस आणि आमच्या नांदेडच्या जुन्या कॉलेजची दारं अरुंद. बाहेर पडायचं तर त्यांच्या पोटाला वळसा घालूनच पडावं लागे. आम्ही त्याला ‘दाराचा तास’ म्हणायचो. वेळापत्रकात तो कुठे नव्हता, पण वाणिज्य शाखेत मी जे काही शिकले त्यातलं निम्मं तरी त्या तासाला शिकले असेन.

सरांचं शास्त्र असं होतं की माणूस बसलेला असतो तोवर नुसता बोलतो, आणि निघायला उठून चप्पल पायात सरकवायला लागला की मग खरं काय ते सांगतो. हे शास्त्र त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. त्यांचे वडील लातूरच्या आडत बाजारात मापाडी होते आणि लहानपणी शाळा सुटली की सर दुकानातल्या पोत्यांवर बसून राहायचे. खेड्यातून आलेला माणूस गादीवर तासभर बसायचा, चहा प्यायचा, पाऊसपाण्याचं आणि सोयरिकीचं बोलायचा. मग उठायचा. एक पाय चपलेत आणि एक बाहेर, असा उभा राहून म्हणायचा, “मालक, थोरलं पोरगं धावी पास झालंय. इथं कुटं चिकटवता आलं तर बघा.”

ही गोष्ट सांगताना सर स्वतः उठून पायाने चप्पल चाचपण्याचा अभिनय करत. “त्येच्यासाठीच आलता गडी सकाळची पहिली एस्टी धरून. पण बसल्या जाग्यावर तोंडातनं निघालं न्हाई.”

या शास्त्राला एक दुसरा भाग होता आणि सरांच्या लेखी तोच महत्त्वाचा. दारात सांगितलेली गोष्ट दारात ऐकायची नाही. चप्पल घातलेल्या माणसाला पुन्हा आत बोलवायचं, बसवायचं आणि मग ऐकायचं. जो मालक गादीवरूनच ‘बघू’ म्हणतो त्याला धंदा कळला नाही, असं ते सांगत.

आणि हे ते पाळतही. इस्लापूरच्या एका मुलाने एकदा दारात आधी ताळेबंदाचं काहीतरी विचारलं, मग होस्टेलच्या वरणाबद्दल तक्रार केली, आणि मग दप्तर खांद्यावर सारखं करत म्हणाला, “सर, मी उद्यापासून येत न्हाई.” शनिवार होता. सरांची लातूरची गाडी सुटायला अर्धा तास होता, कारण नांदेडला ते खोली करून राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. सरांनी त्याला हाताला धरून वर्गात नेलं, पहिल्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. त्या आठवड्यात ते थेट रविवारी घरी पोहोचले. तो मुलगा आज किनवटला शिक्षक आहे आणि त्याच्या वर्गाचं दार म्हणे चांगलं रुंद आहे.

आता मी ‘इस्लापूरचा मुलगा’ म्हणाले, त्यालाही कारण सरच. सरांनी आम्हाला कधी नावाने हाक मारली नाही. हजेरीसुद्धा गावांची व्हायची. “मुखेड?” “हजर.” “देगलूर?” “हजर.” मी कंधारची, म्हणून मी कंधार. माझ्या खालच्या वर्गात कंधारचीच एक मुलगी आली, तेव्हा मी एका रात्रीत ‘थोरलं कंधार’ झाले. नावं काय, आई-बापानं ठेवलेली असतात, पण गाव माणूस स्वतः वागवतो, असं काहीतरी ते म्हणायचे. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. पण फोनवर त्यांचा आवाज आला की मी अजून ‘बोला सर, कंधार बोलते’ असंच म्हणते.

तर अशा माणसाबरोबर आम्ही बारा जण लिथुआनियाला गेलो.

लिथुआनिया कुठे आहे हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. माझे वडील कंधारच्या शाळेत भूगोल शिकवत, त्यांनी नकाशा काढून बोट ठेवलं आणि “थंड हाय” एवढंच म्हणाले. सरांचा एक जुना विद्यार्थी तिथल्या विद्यापीठात नोकरीला होता. त्याच्या ओळखीने उन्हाळ्यातला तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम ठरला: सकाळी व्यवसाय आणि संस्कृती यावर व्याख्यानं, दुपारी कारखान्यांना भेटी, शेवटी गटाने एक सादरीकरण. राहण्या-जेवण्याची सोय विद्यापीठ करणार होतं, पण हे पहिलं वर्ष चाचणीचं होतं. तीन आठवडे संपले की ते ठरवणार होते, पुढे दरवर्षी आमच्या कॉलेजची मुलं घ्यायची की ही जागा एखाद्या मोठ्या शहरातल्या कॉलेजला द्यायची.

सरांनी हे चाचणीचं काही मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी कोण जाणार ते त्यांनी निघण्याच्या आधीच ठरवलं होतं. एका कागदावर अकरा गावं लिहिली होती, लोहा, औसा, निलंगा, हदगाव, बिलोली अशी, आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता. त्या अकरा जणांना सांगूनही टाकलं होतं. स्वतः ते त्याच वर्षी निवृत्त होणार होते. मी म्हणाले, “सर, ते लोक नाही म्हणाले तर?” त्यावर सर म्हणाले, “तर मग मला निलंग्याला तोंड दाखवायला जागा न्हाई.” निलंगा म्हणजे गाव नव्हे, दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, जिने त्या दिवसापासून इंग्रजी बातम्या ऐकायला सुरुवात केली होती.

हैदराबादहून विमान होतं. सर कॉलेजात जसे यायचे तसेच आले, पांढरा शर्ट, राखाडी पँट आणि पायात लातूरच्या चांभाराकडून शिवून घेतलेली, टायरच्या तळाची चामडी चप्पल. थंडीची तयारी म्हणून आत पायमोजे घातले होते. अंगठ्यामुळे मोजा पुढे चिमटल्यासारखा दिसायचा. विमानतळावर सुरक्षा तपासणीत सगळ्यांना पायताण काढायला लावलं तेव्हा सरांना फार बरं वाटलं. पलीकडच्या बाजूला ती परत घालता घालता त्यांनी तिथल्या शिपायाला विचारलं, “काय, घरचं सगळं ठीक?” आणि त्याने खरोखरच बदलीची अडचण सांगायला सुरुवात केली. आम्ही सरांना ओढून पुढे नेलं.

तिथे आमची व्यवस्था बघायला रूता नावाच्या बाई होत्या. चाळिशीच्या, उंच, केस घट्ट बांधलेले, हातात नेहमी फाइल. सर म्हणाले, नाव तर आपल्याकडचंच वाटतंय, आणि त्यांना ‘रूताताई’ म्हणायला लागले. पहिल्याच भेटीत सर होस्टेलच्या दारात आतल्या बाजूला, त्या बाहेर. सरांनी हात पुढे केला. विमानात तासभर त्यांनी माझ्याबरोबर हस्तांदोलनाचा सराव केला होता. रूताताईंनी हात मागे घेतला, आत पाऊल टाकलं आणि मग हात मिळवला. आमच्याकडे उंबऱ्यावरून हात मिळवत नाहीत, भांडण होतं, असं त्यांनी समजावलं. सरांचा चेहरा असा खुलला की जणू त्यांना लातूर बसस्टँडवर कोणी ओळखीचं भेटलं. “हे लोक आपलेच हायेत गं,” ते मला म्हणाले. “आपल्यातबी उंबऱ्यावरून देणंघेणं करत न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी गळ्यात घालायची ओळखपत्रं मिळाली. व्हिसाचे कागद कॉलेजच्या ऑफिसने केले होते, म्हणून ते बरोबर होते. ओळखपत्रांसाठीची यादी मात्र सरांनी स्वतः हाताने लिहून पाठवली होती. माझ्या गळ्यात इंग्रजीत KANDHAR असं लटकलं. शेजारी DEGLOOR उभा होता. सरांनी स्वतःच्या जागी अर्थातच लातूर लिहिलं होतं, तेव्हा तीन आठवडे ते तिथे ‘मिस्टर लातूर’ होते. मी रूताताईंना खरं सांगून बदलून घ्यायला निघाले होते, पण सरांनी अडवलं. “राहू दे. आपली पोरं कुटली, ते तरी कळंल लोकांला.”

जेवणाचं मला जरा अवघड गेलं, सरांना नाही. तिथे उन्हाळ्यात बिटाचं थंडगार गुलाबी सार करतात, ताकात काकडी आणि बीट किसून, वर शेपू. रंग बघून आमच्यातल्या निम्म्यांनी ताट सरकवलं. सरांनी तीन वाट्या घेतल्या आणि चौथ्या वाटीत काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, बरोबर दिलेली शेंगदाण्याची चटणी घालून रूताताईंपुढे ठेवली. त्यांनी एक चमचा घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी दुसरा चमचा घेतला.

पण अडचण दुपारच्या भेटींत होती. पहिला कारखाना लाकडी फर्निचरचा. तिथल्या मॅनेजरने चाळीस मिनिटं पडद्यावर चित्रं दाखवली आणि विचारलं, काही प्रश्न? आम्ही बारा जण गप्प. बसमध्ये सरांनी बजावून ठेवलं होतं, “आत काय विचारू नका. त्यो पाठ केलेलंच सांगंल. निघताना धरा.” मग आम्ही निघताना धरलं. बारा जणांनी एकदम दारात. त्या मॅनेजरची पुढची मीटिंग घड्याळाच्या काट्यावर होती. तो एकदा रूताताईंकडे, एकदा आमच्याकडे बघत मागच्या दाराने निघून गेला.

दुसऱ्या भेटीला, तागाचं कापड विणणाऱ्यांकडे, पुन्हा तेच. आठवडा संपला तेव्हा रूताताईंनी सरांना आणि गटप्रमुख म्हणून मला बोलावलं. समोर अहवाल ठेवला. सहभागाच्या रकान्यात लिहिलं होतं: विद्यार्थी सभ्य आहेत, पण त्यांना कशातही रस दिसत नाही. हा अहवाल शेवटच्या निर्णयाला जोडला जाणार होता. रूताताईंच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते मला जास्त लागलं.

परत येताना मी सरांवर चिडले. इतकी की आज आठवलं तरी ओशाळायला होतं. “सर, तुमच्या दारापायी आमची वाट लागायली. खिशातल्या यादीचं काय करणार? तिथं लातूरच्या आडतीत चालत असेल हे, इथं नाही चालत.”

सरांनी शर्टाच्या खिशातली पिशवी चाचपून बघितली. मग म्हणाले, “बरं. परवापासून तू इचार. आतच इचार.”

मी विचारलं. रात्री बसून प्रश्न लिहून काढले, निर्यात किती, प्रतिस्पर्धी कोण, पाच वर्षांची योजना काय. एका बिस्किटाच्या कारखान्यात ते धडाधड विचारले. व्यवस्थापक खूश, रूताताईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, देगलूरने माझ्या पाठीवर थाप मारली. सर म्हणाले, “छान इचारलंस.” आणि बसमध्ये बसल्यावर कारखान्याचं रंगीत माहितीपत्रक माझ्या मांडीवर ठेवलं. माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात छापलेली होती. मला सरांचा फार राग आला, कारण त्यांचंच बरोबर निघालं होतं.

शेवटची भेट एका चीजच्या छोट्या कारखान्याला होती. शहरापासून दोन तासांवर, गवताच्या कुरणांमध्ये. मालक सत्तरीचा, आडवा, लाल चेहऱ्याचा, इंग्रजी जेमतेम. रूताताई त्याचं बोलणं आम्हाला सांगत. आत जाताना सगळ्यांच्या पायताणांवर निळी प्लॅस्टिकची टोपणं चढवली. म्हातारा पाठ केल्यासारखं बोलला. मी पाठ केल्यासारखं विचारलं. त्याने माहितीपत्रकातलं सांगितलं. रूताताईंनी घड्याळ बघितलं आणि आम्ही दाराशी आलो.

दाराशी एक लाकडी बाक होता आणि निळी टोपणं टाकायला डबा. आमची पटापट निघाली. सरांचं टोपण मात्र चपलेच्या अंगठ्यात अडकलं. ते वाकले, पण पोट आडवं आलं. म्हातारा मदतीला वाकला. दोन म्हातारे एका चपलेवर वाकलेले, आणि तशा अवस्थेत सरांनी आपल्या इंग्रजीत विचारलं, “आफ्टर यू, हू विल सी ऑल धिस?” त्यांच्या बोलण्यात ‘हे सगळं तुमच्यामागं कोण बघणार’ असंच ऐकू आलं.

रूताताईंना भाषांतर करावं लागलं नाही. म्हातारा सरळ झाला, सरांकडे बघितलं, आणि बाकावर बसला. सर त्याच्या शेजारी बसले, एका पायात टोपण तसंच.

मग तो जे बोलला ते पाऊण तास बोलला. पूर्वी तिथे सरकारी सामूहिक शेती होती, ती मोडली तेव्हा त्याच्या वाट्याला तीन गाई आल्या. बायकोने स्वयंपाकघरात पहिलं चीज केलं. बायको आता नाही. एका मोठ्या कंपनीचं पत्र हिवाळ्यापासून त्याच्या टेबलाच्या खणात पडून आहे, कारखाना विकत घ्यायचा म्हणतात, आणि हे त्याने आपल्या माणसांना सांगितलेलं नाही. एकच मुलगी, ती राजधानीत दातांची डॉक्टर. तिला कधी विचारलंच नाही, कारण ती नाही म्हणाली तर मग विकावंच लागेल.

अर्ध्यावर रूताताईंचं भाषांतर थांबलं. त्या नुसत्या ऐकत होत्या. मग त्यांनी फाइल खाली ठेवली आणि म्हाताऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. ते आम्हाला कळलं नाही. नंतर त्यांनी मला सांगितलं, त्यांच्या आईनेही गावाकडची जमीन अशीच एक दिवस विकली होती, आणि का विकली हे त्यांनी आईला कधी विचारलं नव्हतं. भाषांतर पुन्हा सुरू झालं तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकाने विचारलं. मुखेडने गाईंचं विचारलं, देगलूरने कामगारांचं. बसचा ड्रायव्हर चिडून बोलवायला आला आणि तोही डब्याला टेकून ऐकत उभा राहिला.

शेवटी म्हाताऱ्याने सरांनाच विचारलं, मी काय करू?

सर म्हणाले, “पोरीला इचारा. पण जेवताना इचारू नका. ती परत निघाली, बूट घालायला लागली, की मग इचारा.” हे मी इंग्रजीत केलं आणि रूताताईंनी त्यांच्या भाषेत. म्हातारा खो खो हसला आणि हसता हसता रुमाल काढून नाक पुसलं.

मग तो सरांना आत तळघरात घेऊन गेला, मागोमाग आम्हीही. त्या दिवशी घातलेलं चीजचं एक ताजं, चाकासारखं गोल ढेप होतं, परातीएवढं. त्यावर लावायच्या चिठ्ठीवर त्याने सरांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरून बघून बघून LATUR असं लिहिलं. हे मुरायला चार वर्षं लागतात, तो म्हणाला. तयार झालं की तुम्ही येऊन कापायचं, तोवर मी कोणाला हात लावू देत नाही. सरांनी मान डोलावली. वरती आल्यावर मी सरांना सॉरी म्हणायला गेले, तर ते म्हणाले, “आधी हे निळं काढ बरं पायातलं, चालता येईना.”

आमचं सादरीकरण त्यावरच झालं: मागे कोण बघणार. पत्राचा भाग आम्ही म्हाताऱ्याला शब्द दिल्याप्रमाणे गाळला. टाळ्या पडल्या, प्रमाणपत्रं मिळाली, त्यांच्यावरही गावंच छापलेली होती. पण निर्णयाचं कोणी काही बोलेना. समारंभात नाही, जेवताना नाही. रूताताई निर्विकार. मी सरांना कोपराने ढोसत होते, विचारा ना, विचारा ना. सर चौथी वाटी गुलाबी सार पीत होते.

निघायच्या दिवशी विमानतळाची बस होस्टेलसमोर लागली. आम्ही चढलो, सर शेवटी. ते पायरीवर असताना रूताताई पुढे आल्या. सरांनी निरोपाचा हात पुढे केला आणि त्यांनी आपला मागे घेतला. दार मध्ये होतं. तशाच उभ्या राहून, फाइल छातीशी धरून, त्यांनी विचारलं, “मिस्टर लातूर, पुढच्या वर्षी किती जणांना आणाल?”

मी खिडकीतून ओरडणारच होते, अकरा. पण सर पायरीवरून खाली उतरले. ड्रायव्हरने हॉर्न दिला तिकडे लक्ष न देता रूताताईंना घेऊन फुटपाथवरच्या बाकावर गेले, बसले, खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि एकेका गावावर बोट ठेवून कोण कसं आहे ते सांगायला लागले. निलंग्यावर बराच वेळ गेला. आमचं विमान चुकता चुकता राहिलं.

एवढ्या सगळ्यांना दारात बोलतं करणारा हा माणूस, पण त्याने स्वतः दारात कधी काही सांगितलं नाही. आम्ही टपून असायचो. निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, सर हॉलबाहेर चप्पल घालायला बसले, तेव्हा आम्ही पंधरा-वीस जण मुद्दाम भोवती उभे राहिलो. आता तरी सांगतील. सरांनी दोन्ही चपला घातल्या, शाल काखेत मारली आणि “चला, येतो” म्हणून रिक्षात बसले. मी नंतर विचारलं तर म्हणाले, “माजं काय हाय सांगण्यासारखं.”

मी आता त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. दरवर्षी आमची मुलं जातात. रूताताईंच्या मेलमध्ये त्या म्हाताऱ्याची खबर असते. मुलीने बूट घालता घालता तासभर विचार केला म्हणे, आणि आता आठवड्यातले तीन दिवस ती चीज बघते आणि तीन दिवस दात. यंदा मुलांबरोबर मी जाणार आहे. आणखी एक ज्येष्ठ माणूस बरोबर हवं, कॉलेजातलं असो की निवृत्त, असं प्राचार्यांनी सांगितलंय.

मागच्या रविवारी मी लातूरला सरांकडे गेले. मला त्यांच्याशी एक काम होतं, ते मी अर्थातच निघतानासाठी राखून ठेवलं होतं. दोन तास बसले. सर थोडे वाळलेत, पोट तेवढंच आहे. अंगणातल्या शेवग्याबद्दल बोलले, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलले, गुडघ्याबद्दल बोलले. लिथुआनियाचा एक शब्द काढला नाही. मी निघते म्हणाले, तर “हाव, निघ, गाडी चुकंल” म्हणाले. काकूंनी हातावर चटणीची पुडी दिली.

मी उंबऱ्याबाहेर एक पाय चपलेत घातला, तोंड उघडलं, आणि मागून सरांचा आवाज आला.

“कंधार, चार वर्षं झाली न्हाई का गं?”

“कशाला सर?”

“त्या चीजला.” ते चौकटीला खांदा टेकून उभे होते, पण बघत होते शेवग्याकडे. “न्हाई, म्हणलं, तुज्या यादीत... लातूर लिहायला जागा हाय का?”

मी चप्पल काढली. उंबरा ओलांडून आत आले, सरांना हाताला धरून आत आणलं आणि आम्ही परत त्याच खुर्च्यांवर बसलो. काकूंनी काही न विचारता चहाचं पातेलं पुन्हा चढवलं. मी पर्समधून यादी काढून सरांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका गावावर बोट ठेवत खाली येत गेले. बारा गावं झाली, आणि बोट तेराव्या ओळीवर थांबलं. तिथे लातूर लिहिलेलं होतं. ते मी नांदेडहून निघायच्या आधीच लिहिलं होतं.